कळसची शाळा आणि ज्यूलिएटचें वय

इंदापूर तालुक्यांतील कळस येथून एका शिक्षकाचें पत्र आमच्याकडे आलें आहे. पत्र लहान आहे, पण त्यांतील प्रश्न लहान नाहीं. आठव्या इयत्तेस इंग्रजी शिकवितांना नेमलेल्या पुस्तकाबाहेरचें कांहींतरी सलग आणि पुरें असें मुलांच्या हातीं द्यावें, म्हणून या गृहस्थांनीं शेक्सपिअरचें 'रोमिओ आणि ज्यूलिएट' हें नाटक योजिलें. ही बातमी गांवांत फुटतांच कांहीं पालक शाळेंत आले व म्हणाले, ''गुरुजी, इंग्रजी हवें तेवढें शिकवा, पण पळून जाणाऱ्या पोरापोरींची गोष्ट नको.'' दुसऱ्या एका वडीलधाऱ्यांनीं विचारलें कीं, ज्याचा शेवट थडग्यांत होतो असें नाटक तेरा-चौदा वर्षांच्या लेंकरांपुढें कशाला? तिसऱ्याचें म्हणणें असें पडलें कीं, ज्यांस रजेचा अर्ज इंग्रजींत धड लिहितां येत नाहीं त्यांस शेक्सपिअर म्हणजे ज्याला विहिरींत पोहतां येत नाहीं त्याला भीमेच्या पुरांत ढकलण्यासारखें आहे. आतां काय करावें, असें गुरुजी विचारतात.

आमचें मत आम्ही आधींच सांगून टाकतों: नाटक शिकवावें. तेंच शिकवावें, आणि आठवीलाच शिकवावें. या मताचीं कारणें देणें आम्हांस प्राप्त आहे. कारण आक्षेप घेणारे पालक मूर्ख नाहींत, आणि त्यांच्या भीतीस जागा नाहीं असेंही नाहीं.

प्रथम भाषेचा आक्षेप घेऊं, कारण तो सर्वांत सोपा आहे. सन २००० पासून महाराष्ट्रांतील शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जातें. म्हणजे आठवींत बसलेल्या मुलानें सात वर्षें ती भाषा घोकलेली असते. सात वर्षें एखादें पोर सुताराच्या हाताखालीं घातलें तर तें निदान पाट-चौरंग करूं लागतें. इकडे आमच्या मुलांस सात वर्षांनंतरही मनांतली एक गोष्ट इंग्रजींत सांगतां येत नाहीं, याचें कारण त्यांची बुद्धि कमी असें नसून त्यांस आजवर सांगण्याजोगी गोष्टच कोणी दिली नाहीं, हें आहे. एक पान आगगाडीचें, एक पान पावसाचें, त्याखालीं गाळलेल्या जागा. अशा तुकड्यांवर भाषेची भूक भागत नाहीं. ज्या गोष्टीचा शेवट काय होतो याची मुलास तळमळ लागली, ती गोष्ट तो परक्या भाषेंतूनही ओढून काढतो. बाजारांत बसणाऱ्या आमच्या वाचकांस हें वेगळें सांगावयास नको. परमुलखांतल्या गिऱ्हाइकाची भाषा त्यांनीं कोणत्या व्याकरणावरून शिकली? गरज होती म्हणून शिकली.

आणि परभाषेंतील थोर ग्रंथ आपल्या लोकांच्या पदरीं घालण्याची रीत या मुलखास नवी नाहीं. शेजारच्या बारामतींत बाबूजी नाईकांच्या आश्रयानें राहून मोरोपंतांनीं संस्कृत महाभारत मराठी आर्यांत उतरविलें, आणि ज्यांस संस्कृताचें एक अक्षर येत नव्हतें अशांच्या घरांत कर्ण-भीष्म येऊन बसले. पंत १७९४ त वारले. त्यांच्या गांवापासून थोड्या अंतरावर बसलेल्या मुलांस आज कोणी म्हणावें कीं, मोठा ग्रंथ तुमच्यासाठीं नाहीं, तर तें आम्हांस बरें वाटत नाहीं. पुण्याच्या महागड्या शाळांतील मुलांनीं शेक्सपिअर वाचावा व कळसच्या मुलांनीं गाळलेल्या जागा भराव्या, ही वाटणी कोणीं केली?

नाटकच का, आणि हेंच का, हा खरा प्रश्न. इंग्रजी शाळांत 'व्हेनिसचा व्यापारी' शिकविण्याचा प्रघात फार जुना आहे. बारामती तालुक्यांतील ज्या सुप्यास १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, त्या बाजूच्या मुलांस रोख्याची गोष्ट चांगली समजेल, हेंही आम्ही जाणतों. तथापि तो खटला कोर्टांत सुटतो. बाईची वकिली कामास येते आणि मंडळी हसत घरीं जातात. वकिलीवर पोट असलेल्या आमच्यासारख्यांस तें नाटक प्रिय असावयाचेंच. परंतु कोर्टापर्यंत जी गोष्ट पोंचतच नाहीं, जेथें पंच, पुरोहित, आईबाप सगळे असून कोणी वेळेवर कामास येत नाहीं, अशी गोष्ट मुलांस कळावयाची असेल तर शोकान्त नाटकच हवें.

पालकांनीं हें नाटक पळून जाण्याचें नाटक समजावें यांत त्यांचा दोष नाहीं. चित्रपटांनीं त्याची तशीच कीर्ति केली आहे. म्हणून मूळ नाटकांतील एक गोष्ट आम्ही त्यांच्यापुढें ठेवतों. ज्यूलिएटचें वय किती? तिची दाई पहिल्याच अंकांत हिशेब करून सांगते कीं, पोरीस चौदावें वर्ष अजून पुरें व्हावयाचें आहे. शेक्सपिअरनें ज्या काव्यावरून कथा घेतली तें आर्थर ब्रुकचें काव्य १५६२ चें; त्यांत ती सोळाच्या घरांत आहे. नाटककारानें तें वय मुद्दाम खालीं आणलें. म्हणजे कळसच्या आठवीच्या वर्गांत डाव्या बाजूस ज्या मुली वेण्या घालून बसल्या आहेत, त्यांच्याच वयाची ही मुलगी आहे, आणि नाटक सुरू होतें तेव्हां तिच्या घरांत चाललेली गोष्ट प्रेमाची नसून स्थळ पाहण्याची आहे.

बापाचें काम फार लक्षपूर्वक शिकविण्याजोगें आहे. पॅरिस नांवाचा एक सरदार कॅप्युलेटकडे मुलीस मागणी घालतो. तेव्हां हाच बाप म्हणतो कीं, पोर लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊं द्या. लहानपणीं आया झालेल्या पोरी लवकर खंगतात. शिवाय तिचें मन विचारल्यावांचून माझी संमति ती काय? किती शहाणा बाप! पुढें घरांत एक मृत्यु होतो, मन सैरभैर होतें, अब्रूची चिंता पडते, आणि त्याच बापानें दोन दिवसांत लग्नाचा वार ठरविलेला असतो. आधीं गुरुवार ठरतो, मग तोही लांब वाटून बुधवार. मुलगी नाहीं म्हणते तेव्हां तो तिला घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर भीक मागत मरूं देण्याची भाषा करितो. आई पाठ फिरविते. जिनें अंगावर पाजलें ती दाई सुद्धां म्हणते, दुसरा नवरा बरा आहे, कर. एका प्रसंगांत, एका खोलींत, मुलीचीं तिन्ही माणसें तिच्या हातून सुटतात. या प्रसंगाच्या आधीं तिनें विष, गुंगीचें औषध, थडगें यांतील कशाचाही विचार केलेला नाहीं, हें गुरुजींनीं मुलांच्या नजरेस आणून द्यावें.

आमच्या पालक-वाचकांस आम्ही विचारतों, हा कॅप्युलेट तुम्हीं कधीं पाहिला नाहीं? 'पोर शिकूं द्या, घाई नाहीं' असें गणपतीच्या दिवसांत म्हणणारा गृहस्थ तुळशीचें लग्न होतांच मांडव घालतो, कारण मधल्या काळांत पीक गेलेलें असतें, भाऊ वारलेला असतो, नाहीं तर भलतीसलती कुजबूज कानीं आलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळांत, महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें २२ जणींचें लग्न अठरा पुरीं होण्यापूर्वीं झालेलें आढळलें. नीरेच्या डाव्या कालव्याखालच्या या उसाच्या टापूंत दर हंगामास बीड-अहिल्यानगर बाजूकडून तोडणीचीं माणसें येतात. तेथें नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो व त्यावर उचल मिळते. कोयता पुरा करण्यासाठीं पोरीचें लग्न उरकलें जातें, ही गोष्ट मुकादमापासून मास्तरापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. अशा मुलखांत तेरा वर्षांच्या मुलीवर लादलेल्या लग्नाचें नाटक शिकवूं नये म्हणणें म्हणजे पटकी आलेल्या गांवांत पाणी उकळण्याचा धडा वगळण्यासारखें आहे.

या बाबतींत आमच्या देशाचा इतिहास फार धडपडीचा आहे. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईनें नांदावयास जाण्याचें नाकारलें. मुंबईच्या हायकोर्टानें १८८७ त तिला नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम केला. ती तुरुंग पत्करीन म्हणाली. १८८८ त तडजोड झाली, व तीच बाई पुढें विलायतेंत वैद्यक शिकून डॉक्टर झाली. १८९१ चा संमतिवयाचा कायदा दहाचें वय बारा करण्यापुरता होता, तरी त्यावरून पुणें शहर दुभंगलें. लोकमान्य एका बाजूस, आगरकर दुसऱ्या. ज्या लोकमान्यांचें नांव घेऊन आम्ही स्वराज्याची भाषा शिकलों, ते या एका प्रश्नांत चुकले असें म्हणावयास आम्हांस आज संकोच वाटत नाहीं. १९२९ च्या कायद्यानें मुलीचें वय चौदा झालें, १९७८ त अठरा. २००६ च्या कायद्यानें अशा लग्नांत सांपडलेल्या मुलीस सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आंत तें रद्द करून घेण्याचा हक्क दिला. हा हक्क किती मुलींस माहीत आहे? कायद्याचें पुस्तक कोणी वर्गांत वाचून दाखवीत नाहीं. पण ज्यूलिएट एकटी उरली त्या ठिकाणीं पुस्तक मिटून गुरुजींनीं विचारावें, 'आज ही मुलगी आपल्या गांवांत असती तर कोणाकडे गेली असती?' आणि फळ्यावर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोनचा आंकडा लिहावा. इंग्रजीच्या तासांत एवढें झालें तरी तास वाया गेला नाहीं.

१९२९ च्या त्या कायद्याचे कर्ते हरविलास सारडा; परंतु आमच्याकडे तो 'शारदा कायदा' म्हणून तोंडीं बसला, कारण देवलांचें १८९९ चें 'शारदा' नाटक लोकांच्या ओठांवर होतें. देवलांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण त्यांची शारदा म्हाताऱ्याच्या हातून सुटते ती ऐन वेळीं गोत्र एक निघाल्यामुळें. प्रेक्षकांनीं सुटकेचा श्वास टाकला व घरीं जाऊन पुन्हां स्थळें पाहूं लागले. गोत्र निराळें असतें तर? या प्रश्नाचें उत्तर आनंदान्त नाटक देत नाहीं. वेरोना शहरांत ऐन वेळीं कांहींच निघत नाहीं.

आतां भांडणाचा भाग घेऊं. कॅप्युलेट आणि माँटेग्यू या दोन घरांचें वैर कशावरून? मुलांस सबंध नाटक धुंडाळावयास लावावें. कारण सांपडणार नाहीं. जुनें वैर आहे एवढेंच कळतें. पहिल्या प्रसंगांत दोन्हीं घरांचे गडी रस्त्यांत एकमेकांस डिवचतात, आंगठा चावून अपमान केला कीं नाहीं यावर हुज्जत घालतात, आणि पाहतां पाहतां तरवारी निघतात. वकिलीच्या धंद्यांत आम्ही बांधाचे दावे पुष्कळ पाहिले. इंदापूर तालुका तर असा कीं, १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं रयतवारीच्या नव्या मोजणीस सुरुवात केली ती येथेंच. नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले, आणि त्या दगडांवरून भाऊबंदांचीं डोकीं फुटण्यास जी सुरुवात झाली ती आजतागायत संपलेली नाहीं. आजोबांनीं दावा लावलेला असतो, नातू तारखेस येतो. वीतभर बांधाची किंमत विचारली तर वकिलाच्या फीच्या शतांशही भरत नाहीं. आणि मूळ तंटा काय होता हें विचारलें तर दोन्हीं पक्ष एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. अशा घरांतून आलेल्या मुलांस वेरोनाचे गडी परके वाटतील अशी ज्यांस शंका आहे, त्यांनीं एक दिवस इंदापूरच्या कोर्टाच्या आवारांत बसून पहावें.

राजाचें पात्र लहान आहे, पण वकील या नात्यानें आम्हांस तें मोठें वाटतें. तीनदां दंगे झाले तरी त्यानें नुसती धमकी दिली. शेवटीं प्रेतांपुढें उभा राहून तो कबूल करितो कीं, तुमच्या भांडणाकडे मीं कानाडोळा केला, म्हणून माझेही दोन आप्त मेले. सत्ताधाऱ्याच्या तोंडीं अशी कबुली आमच्याकडे क्वचितच ऐकूं येते. जातीबाहेर लग्न केलें म्हणून पोटच्या पोरांस मारण्याचे प्रकार या राज्यांत घडले आहेत; सुप्रीम कोर्टानें २७ मार्च २०१८ रोजीं पोलिसांस व जिल्ह्याच्या अंमलदारांस याविषयीं स्पष्ट सूचना दिल्या; वाळींत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रानें २०१६ त स्वतंत्र कायदा केला. कायदा आहे. कानाडोळाही आहे. भीमेच्या पलीकडच्या करमाळे तालुक्यांतील जेऊरचे नागराज मंजुळे यांनीं २०१६ त 'सैराट' काढला. तो या मुलांनीं पाहिलेला आहे. गाणीं त्यांस पाठ आहेत. शेवटच्या रक्ताळलेल्या पावलांविषयीं त्यांच्याशीं कोणीं बोललें आहे काय? जें पडद्यावर पाहून मुलें गप्प घरीं आलीं, त्याविषयीं वर्गांत तोंड उघडण्याची सवड हें नाटक देतें, आणि तीही अशा दूर देशाच्या, चारशें वर्षांपूर्वींच्या आवरणाखालीं कीं गांवांतल्या कोणाच्या घराकडे बोट जाऊं नये.

मुलांस दुःख दाखवूं नये, या आक्षेपाचें काय? भरताच्या शास्त्रांत रंगभूमीवर मृत्यु वर्ज्य म्हणून सांगितला जातो. तरी भासाच्या 'ऊरुभंगां'त दुर्योधन प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो. मराठींत १८६१ सालींच विनायक जनार्दन कीर्तने यांनीं 'थोरले माधवराव पेशवे' हें शोकान्त नाटक लिहिलें. आगरकरांनीं डोंगरीच्या तुरुंगांत 'हॅम्लेट' मराठींत आणिलें व १८८३ त तें 'विकारविलसित' या नांवानें निघालें. गणपतराव जोशांचा हॅम्लेट पाहण्यास पुढें ज्या झुंडी लोटल्या, त्यांत इंग्रजीचा गंध नसलेले लोक पुष्कळ होते. आणि मुलांचें म्हणाल तर दुष्काळ, कर्ज, गळफास, हीं तीं घरांत आणि शेजारीं पाहतातच. दुःख त्यांस नवें नाहीं. त्यांस नवा आहे तो दुःखाचा उलगडा: कोणत्या पायरीवर कोण चुकला, कोठें हात धरतां आला असता, हें मागें जाऊन पाहण्याची संवय.

पत्राचा प्रसंग यासाठीं आम्हांस सर्वांत उपयोगी वाटतो. ज्यूलिएटला बेचाळीस घटका नव्हे, बेचाळीस तास मेल्यागत ठेवणारें औषध देऊन पाद्री रोमिओस निरोप धाडतो. निरोप नेणारा दुसरा पाद्री सोबतीस घ्यावयाच्या माणसाकडे जातो. तो रोग्यांच्या समाचारास गेलेला. गांवच्या पहारेकऱ्यांस सांथीचा संशय येतो, ते दारें बंद करून दोघांस आंत कोंडतात, आणि पत्र जागच्या जागीं राहतें. हा प्रवेश जेमतेम तीस ओळींचा आहे, भाषाही सोपी आहे. २०२० सालीं वेशीवर बाभळीचे फांटे टाकून रस्ते अडविलेले या मुलांनीं स्वतः पाहिले आहेत. सांथीमुळें न पोंचलेलें पत्र म्हणजे काय, हें त्यांस कोशांत पहावें लागणार नाहीं.

पद्धतीविषयीं गुरुजींस दोन शब्द. आरंभींच कथानक मराठींत सांगून टाकावें. नाटककारही पहिल्या चौदा ओळींतच शेवट सांगून टाकतो, आणि कीर्तनास बसणारे आमचे लोक हरिश्चंद्राची कथा पाठ असूनच येऊन बसतात. मग मूळ इंग्रजीच्या शंभर-सवाशें ओळी, अधिक नकोत: गड्यांचें भांडण, बापाचा संताप, पत्राचा प्रवेश, राजाचें अखेरचें बोलणें. मुलांनीं उभें राहून पात्रें वांटून घेऊन म्हणावें. बापाचें काम मुलीस द्यावें. ती तें फार चांगलें करील असा आमचा अदमास आहे. मधला भाग मंगेश पाडगांवकरांच्या मराठी अनुवादांतून वाचून दाखवावा. ज्या बागेंतल्या प्रवेशासाठीं पालक घाबरले आहेत तोही वगळूं नये. चोरून वाचण्यापेक्षां गुरुजींसमोर वाचलेला बरा.

एका ठिकाणीं मात्र पालकांच्या भीतीस आम्ही पुरा मान देतों. नाटकाचा शेवट दोन पोरांच्या आत्महत्येंत आहे, आणि या वयाचीं मुलें मरणास फार लवकर थोर मानतात. त्या प्रवेशास गाणें, टाळ्या, नक्कल कांहीं नको. तो गुरुजींनीं स्वतः, बसून, हळू वाचावा, आणि लगेच मुलांस काळाचा हिशेब करावयास लावावा: ज्यूलिएट जागी होण्यास किती वेळ उरला होता? लग्न एक दिवस अलीकडे ओढलें नसतें तर? दाईनें एक शब्द चांगला बोलला असता तर? तास संपल्यावर जें मूल बाकावरून उठत नाहीं, त्याच्याजवळ जाऊन बसावें. एवढें करण्याची तयारी नसेल त्या शिक्षकानें या नाटकास हात लावूं नये.

आक्षेप घेणाऱ्या पालकांस गुरुजींनीं बापाचा तो प्रवेश ऐकावयास वर्गांत बोलवावें, अशीही आमची सूचना आहे. मागच्या बाकावर बसून ऐकतील व बहुधा कांहीं न बोलतां उठून जातील.

राहिला प्रश्न वेळेचा. गुरुजी जुलैंत आरंभ करून दिवाळीपूर्वीं संपविणार होते. आम्हीं त्यांस उलट टपालीं कळविलें आहे कीं, आरंभ दिवाळीनंतर करावा. तोंपर्यंत कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन तोडणीवाल्यांचीं पालें शिवारांत पडतात, आणि त्यांतल्या कांहीं मुली, कोणीं आणून बसविल्या तर, चार महिने याच शाळेंत बसतात. त्या आल्यावर पहिला प्रवेश काढावा. पुस्तकांच्या तीस प्रती पुण्याहून पाठविण्याची तजवीज आमच्या कचेरींत चालू आहे. बारामती व इंदापूरच्या व्यापारी मंडळींपैकीं ज्यांस या खर्चांत भाग घ्यावयाचा असेल त्यांनीं कचेरीस कळवावें.